द्विपदी (बीजगणित)

द्विपदी : परस्परांत मिळवून एक करता न येणारी नेमकी दोन पदे अधिक किंवा उणे चिन्हाने जोडली असता जी बैजिक राशी तयार होते, तिला द्विपदी म्हणतात. उदा., क्ष + १, ५क्ष − १, अ + ब, अ² − ब² या द्विपदी होत. ३क्ष + २क्ष ही राशी दोन पदांत लिहिलेली असली, तरी ती द्विपदी नव्हे. कारण तिची दोन्ही पदे एकाच जातीची असून ती ५क्ष या एका पदात सामावतात. याउलट ३क्ष + २ या राशीस याहून लहान रूप देता येत नाही. एकच पद असलेल्या राशीस एकपदी व तीन पदे असलेल्या राशीस त्रिपदी म्हणतात. राशीतील अक्षरांचे घातांक शून्य किंवा धन पूर्णांक असल्यास या सर्वांना बहुपदी हे सर्वसाधारण नाव आहे. पदातील अक्षरामागे लिहिलेल्या संख्येस त्या अक्षराचा सहगुणक आणि अक्षरविरहित पदास स्थिरपद म्हणतात. ५क्ष − १ या द्विपदीत ५ हा सहगुणक व −१ हे स्थिरपद आहे.

द्विपदीवरील सर्व क्रिया दोन नियमांवर उभ्या आहेत. पहिला नियम असा की, बेरीज व वजाबाकी सजातीय पदांचीच होते; विजातीय पदे वेगळी ठेवावी लागतात. दुसरा नियम असा की, गुणाकारात एका राशीतील प्रत्येक पदाने दुसऱ्या राशीतील प्रत्येक पदास गुणावे लागते. यास वितरण नियम म्हणतात व तो अ(ब + क) = अब + अक असा लिहितात. द्विपदीसंबंधी शालेय अभ्यासात होणाऱ्या बहुतेक चुका यांपैकी एखादा नियम सुटल्यामुळे होतात. पुढे दिलेल्या सर्व रीती या दोन नियमांतूनच निघतात.

ऐतिहासिक : अज्ञात राशींवरील क्रियांचे नियम भारतात ब्रह्मगुप्त यांच्या ब्राह्मस्फुटसिद्धांत (इ. स. ६२८) या ग्रंथात आढळतात. त्यांची सुव्यवस्थित व सोदाहरण मांडणी भास्कराचार्य (जन्म शके १०३६, इ. स. १११४) यांनी शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या बीजगणित या ग्रंथात केली. या ग्रंथाच्या आरंभी संकलन (बेरीज), व्यवकलन (वजाबाकी), गुणन, भागहार, वर्ग व वर्गमूळ या सहा क्रिया सांगितल्या आहेत. त्यांस मिळून ‘षड्विध’ अशी संज्ञा आहे. हे षड्विध प्रथम धन व ऋण संख्यांसाठी, नंतर शून्यासाठी, मग अव्यक्तांसाठी आणि शेवटी करणींसाठी दिलेले आहे.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासाची परंपरा महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकली. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ (इ. स. १२०७) च्या शिलालेखात आहे. पुढे सोळाव्या शतकात या परंपरेचे एक महत्त्वाचे केंद्र गोदावरीच्या उत्तरेस पार्थपूर येथे होते. पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरी होय, असे अभ्यासक मानतात. तेथील ज्ञानराज यांनी शके १४२५ (इ. स. १५०३) मध्ये सिद्धांतसुंदर हा ज्योतिषग्रंथ रचला. त्यांचे पुत्र सूर्यदास (सूर्यपंडित) यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर सूर्यप्रकाश (शके १४६०, इ. स. १५३८) व लीलावतीवर गणितामृतकूपिका (शके १४६३, इ. स. १५४१) या टीका लिहिल्या. दुसरे पुत्र चिंतामणी यांनी पित्याच्या ग्रंथावर टीका केली. ज्या शतकात पाथरीच्या ताब्यावरून अहमदनगरची निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यात लढाया झाल्या, त्याच शतकात तेथे हे अध्ययन चालू होते.

प्राचीन लेखनपद्धती : भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हणत व तिच्यासाठी ‘या’ हे आद्याक्षर लिहीत. पुढील अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे असून त्यांची चिन्हे का, नी, पी अशी होती. स्थिरपदास ‘रूप’ म्हणत व ‘रू’ असे लिहीत. अज्ञाताच्या वर्गासाठी ‘याव’ आणि दोन भिन्न अज्ञातांच्या गुणाकारासाठी ‘भावित’ ही संज्ञा होती. अधिक चिन्ह लिहिण्याची प्रथा नव्हती. पदे शेजारी शेजारी मांडली की ती मिळवावयाची असे समजत. ऋण पद दाखविण्यासाठी संख्येच्या डोक्यावर बिंदू देत. म्हणजे आजची ५क्ष − १ ही द्विपदी ‘या ५ रू १’ अशी व एकावर बिंदू देऊन लिहिली जाई. या लेखनात प्रत्येक पदाची जात त्याच्या संख्येआधीच लिहिलेली असल्यामुळे पाच ‘या’ आणि एक ‘रू’ यांचे मिळून सहा काहीच होत नाहीत, ही गोष्ट डोळ्यांसमोर राहते.

बेरीज व वजाबाकी : दोन द्विपदींच्या बेरजेत सजातीय पदांचे सहगुणक मिळवावयाचे असतात. बीजगणितातील उदाहरण क्ष + १ व २क्ष − ८ या द्विपदींच्या बेरजेचे आहे :

(क्ष + १) + (२क्ष − ८) = (क्ष + २क्ष) + (१ − ८) = ३क्ष − ७.

याच उदाहरणात पुढे चिन्हे पालटून बेरीज विचारली आहे. पहिल्या द्विपदीची चिन्हे उलट केल्यास उत्तर क्ष − ९, दुसरीची उलट केल्यास −क्ष + ९ आणि दोहोंची उलट केल्यास −३क्ष + ७ असे येते. चिन्ह संपूर्ण द्विपदीचे पालटते, केवळ तिच्या पहिल्या पदाचे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

वजाबाकीत नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची असते. जी राशी वजा करावयाची तिच्या प्रत्येक पदाचे चिन्ह बदलून ती मिळवावी. उदा.,

(३क्ष − ७) − (२क्ष − ८) = ३क्ष − ७ − २क्ष + ८ = क्ष + १.

येथे कंसाबाहेरील उणे चिन्ह −८ या पदालाही लागू होऊन त्याचे + ८ होते. कंस सोडविताना दुसऱ्या पदाचे चिन्ह तसेच ठेवले, तर उत्तर क्ष − १५ असे चुकीचे येते. दोन द्विपदींची बेरीज द्विपदीच असेल असे नाही. (अ + ब) + (अ − ब) ही बेरीज २अ ही एकपदी आहे, तर (क्ष + १) + (य + २) ही क्ष + य + ३ अशी त्रिपदी आहे.

गुणाकार : वितरण नियम अंकगणितातही वापरला जातो. लीलावतीत १३५ ला १२ ने गुणण्याच्या अनेक रीतींपैकी एक खंडगुणनाची आहे. तीत १२ चे ८ व ४ असे खंड करतात; १३५ × ८ = १,०८० व १३५ × ४ = ५४० यांची बेरीज १,६२० हे उत्तर होय. द्विपदींच्या गुणाकारात दोन्ही राशींचे खंड आधीच पडलेले असतात, म्हणून चार आंशिक गुणाकार मिळतात :

(अ + ब)(क + ड) = अक + अड + बक + बड.

भास्कराचार्यांनी दिलेले उदाहरण ५क्ष − १ व ३क्ष + २ यांच्या गुणाकाराचे आहे :

(५क्ष − १)(३क्ष + २) = १५क्ष² + १०क्ष − ३क्ष − २ = १५क्ष² + ७क्ष − २.

चार आंशिक गुणाकारांपैकी मधले दोन सजातीय असल्याने ते एकत्र होतात व उत्तर त्रिपदी येते. रूपाने रूपास गुणले तर रूप, रूपाने अज्ञातास गुणले तर अज्ञात आणि अज्ञाताने त्याच अज्ञातास गुणले तर त्याचा वर्ग मिळतो. म्हणजे बेरजेत पदांच्या जाती जशा कायम राहतात, तशा त्या गुणाकारात राहत नाहीत. धन-ऋणांचा नियमही येथे लागू होतो. समान चिन्हांच्या पदांचा गुणाकार धन व भिन्न चिन्हांच्या पदांचा ऋण असतो.

भागाकार : भागाकार ही गुणाकाराची व्यस्त क्रिया आहे. वरील गुणाकारास ३क्ष + २ ने भागल्यास ५क्ष − १ परत मिळाले पाहिजे. रीत अशी : भाज्याचे पहिले पद १५क्ष² यास भाजकाच्या पहिल्या पदाने, म्हणजे ३क्ष ने भागून ५क्ष मिळते. ५क्ष ने सर्व भाजकास गुणून १५क्ष² + १०क्ष येते; ते भाज्यातून वजा केल्यावर −३क्ष − २ उरते. यास पुन्हा ३क्ष ने भागल्यास −१ मिळतो. −१ ने भाजकास गुणून वजा केल्यावर बाकी शून्य राहते. म्हणून भागाकार ५क्ष − १ होय.

प्रत्येक वेळी भाग पूर्ण जातोच असे नाही. क्ष² + १ यास क्ष + १ ने भागल्यास भागाकार क्ष − १ व बाकी २ राहते. येथे भाज्यात क्ष चे पद नाही. अशा वेळी त्याची जागा ०क्ष लिहून राखावी, म्हणजे पदे एकमेकांखाली चुकीची येत नाहीत. भाज्यातील सजातीय नसलेली पदे परस्पर छेदून टाकणे ही या क्रियेतील वारंवार होणारी चूक आहे. (क्ष + ६) ÷ ६ याचे उत्तर क्ष नसून क्ष/६ + १ आहे. कारण भाजकाने भाज्याच्या दोन्ही पदांना भागावयाचे असते.

वर्ग : द्विपदीस तिनेच गुणल्यास तिचा वर्ग मिळतो. (अ + ब)(अ + ब) यांत अब हे पद दोनदा येते, म्हणून

(अ + ब)² = अ² + २अब + ब² व (अ − ब)² = अ² − २अब + ब².

लीलावतीत संख्यांच्या वर्गासाठी हीच रीत शब्दांत दिली आहे : संख्येचे दोन खंड करून त्यांच्या गुणाकाराच्या दुपटीत दोन्ही खंडांचे वर्ग मिळवावे. भास्कराचार्यांच्या बीजगणितातील उदाहरण ४क्ष − ६ च्या वर्गाचे असून त्याचे उत्तर १६क्ष² − ४८क्ष + ३६ असे येते.

या विस्तारातील मधले पद विसरणे, म्हणजे (अ + ब)² = अ² + ब² असे मानणे, ही द्विपदींच्या बाबतीत सर्वांत अधिक आढळणारी चूक आहे. तिचा परिणाम जमिनीच्या मोजणीतील एका परिचित उदाहरणाने लक्षात येतो. एक गुंठा म्हणजे प्रत्येक बाजू ३३ फूट असलेल्या चौरसाचे क्षेत्र. ३३ चे ३० व ३ असे खंड केल्यास

(३० + ३)² = ९०० + २ × ३० × ३ + ९ = ९०० + १८० + ९ = १,०८९ चौ. फूट.

जमिनीवर चौरसाच्या दोन लगतच्या बाजू ३० व ३ फुटांवर विभागून त्या बिंदूंतून बाजूंना समांतर रेषा आखल्यास चार तुकडे पडतात : ३० फूट बाजूचा एक मोठा चौरस, ३ फूट बाजूचा एक लहान चौरस आणि ३० फूट लांब व ३ फूट रुंद असे दोन पट्टे. केवळ दोन चौरस मोजले तर क्षेत्र ९०९ चौ. फूट भरते व दोन्ही पट्ट्यांचे मिळून १८० चौ. फूट, म्हणजे गुंठ्याचा सुमारे सहावा हिस्सा, हिशेबातून सुटतो. २अब हे पद म्हणजे हे दोन पट्टे होत.

वर्गांतर : बेरीज व वजाबाकी यांच्या रूपातील दोन द्विपदींच्या गुणाकारात मधली पदे परस्परांना नाहीशी करतात :

(अ + ब)(अ − ब) = अ² − ब².

यामुळे १०३ × ९७ हा गुणाकार १००² − ३² = ९,९९१ असा तोंडी करता येतो. हीच नित्यसमानता उलट वापरून लीलावतीत वर्ग काढण्याची आणखी एक रीत दिली आहे : संख्येत एखादी सोयीची इष्ट संख्या मिळवावी व वजा करावी, आलेल्या दोन संख्यांचा गुणाकार करावा आणि त्यात इष्टाचा वर्ग मिळवावा. २९७ चा वर्ग काढताना इष्ट ३ घेतल्यास ३०० × २९४ + ९ = ८८,२०९ असे उत्तर मिळते. अवयव पाडण्याच्या दृष्टीने हे सूत्र विशेष उपयुक्त आहे. कारण वर्गांतराच्या रूपातील कोणत्याही द्विपदीचे त्यायोगे दोन द्विपदी अवयव पडतात. अ² + ब² या वर्गांच्या बेरजेचे वास्तव सहगुणक असलेले असे अवयव पडत नाहीत.

वर्गमूळ : द्विपदीच्या वर्गात तीन पदे असतात, म्हणून वर्गमूळ काढताना त्रिपदी द्विपदीचा पूर्ण वर्ग आहे की नाही हे पाहावयाचे असते. भास्कराचार्यांची रीत अशी की, वर्गरूप पदांची मुळे काढावी व त्यांच्या गुणाकाराची दुप्पट उरलेल्या पदातून वजा करावी. बाकी शून्य राहिल्यास मूळ बरोबर आहे. १६क्ष² − ४८क्ष + ३६ यात वर्गपदांची मुळे ४क्ष व ६ असून त्यांच्या गुणाकाराची दुप्पट ४८क्ष होते. मधले पद ऋण असल्याने एका मुळास ऋण चिन्ह द्यावे लागते व वर्गमूळ ४क्ष − ६ किंवा ६ − ४क्ष असे मिळते. क्ष² + ९ ही राशी दोन वर्गांची बेरीज असली, तरी मधले पद नसल्यामुळे ती कोणत्याही द्विपदीचा वर्ग नाही.

वर्गसमीकरणे सोडविण्याची पद्धती याच विचारावर आधारलेली आहे. भारतीय गणितात तिला ‘मध्यमाहरण’, म्हणजे मधल्या पदाचे निरसन, असे अर्थपूर्ण नाव आहे. श्रीधराचार्य यांची यासंबंधीची रीत भास्कराचार्यांनी उद्धृत केल्यामुळे टिकून राहिली. मूळ बीजगणितग्रंथ आज उपलब्ध नाही. रीत अशी की, वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही पक्ष गुणावे व मधल्या पदाच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्ही पक्षांत मिळवावा. उदा., क्ष² + ६क्ष = ४० या समीकरणास ४ ने गुणून व ३६ मिळवून

४क्ष² + २४क्ष + ३६ = १९६, म्हणजेच (२क्ष + ६)² = १४²

असे रूप येते. यावरून २क्ष + ६ = १४ किंवा −१४ व क्ष = ४ किंवा −१० ही उत्तरे मिळतात.

द्विपद करणी : ज्या संख्येचे वर्गमूळ नेमके निघत नाही त्या संख्येस प्राचीन ग्रंथांत करणी म्हणत, आज √२ सारख्या मुळासच ही संज्ञा लावतात. करणींनाही सजातीयतेचा नियम लागू होतो. √२ + √८ = √२ + २√२ = ३√२ = √१८ आणि √३ + √२७ = √४८; परंतु √३ व √७ यांची बेरीज एका करणीत मांडता येत नाही व √३ + √७ ही द्विपद करणीच राहते. √२ + √८ = √१० असे लिहिणे म्हणजे वर्गाच्या मधल्या पदाचीच चूक पुन्हा करणे होय. छेदस्थानी द्विपद करणी असल्यास एका करणीचे चिन्ह पालटून तयार होणाऱ्या द्विपदीने अंश व छेद या दोहोंस गुणावे, ही रीत भास्कराचार्यांनी दिली आहे. उदा., १ ÷ (√५ − √३) यात अंश व छेद यांस √५ + √३ ने गुणल्यास छेद ५ − ३ = २ होऊन उत्तर (√५ + √३) ÷ २ असे येते. अशा दोन द्विपदींना अनुबद्ध जोडी म्हणतात.

घन व पुढील घात : वर्गास पुन्हा अ + ब ने गुणल्यास (अ + ब)³ = अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³ असा विस्तार मिळतो. मधली दोन पदे एकत्र करून तो अ³ + ब³ + ३अब(अ + ब) असाही लिहितात. या रूपाने २७ चा घन २०³ + ७³ + ३ × २० × ७ × २७ = ८,००० + ३४३ + ११,३४० = १९,६८३ असा निघतो. चौथ्या घाताचे सहगुणक १, ४, ६, ४, १ असे आहेत. लगतच्या दोन सहगुणकांच्या बेरजेने पुढील ओळीतील सहगुणक मिळतात. अशा ओळींचा त्रिकोण दहाव्या शतकात हलायुध यांनी पिंगलाच्या छंदःसूत्रावरील टीकेत ‘मेरुप्रस्तार’ या नावाने विशद केला आहे. घातांक अपूर्णांक असतानाही लागू पडणारा व्यापक विस्तार आयझॅक न्यूटन यांनी १६६५ च्या सुमारास शोधून काढला.

टीकाग्रंथांचे कार्य : भास्कराचार्यांचे नियम श्लोकबद्ध व अत्यंत संक्षिप्त आहेत. सजातीयांची बेरीज करावी व विजातीय वेगळे ठेवावे एवढेच सूत्र सांगते. हा नियम का पाळावयाचा व तो कोठे सुटण्याचा संभव आहे, हे विद्यार्थ्याला समजण्यासाठी अध्यापकाची किंवा टीकेची आवश्यकता असते. सूर्यदासांच्या दोन्ही टीका या परंपरेतील आहेत. एच. टी. कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये लीलावती व बीजगणित यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा तळटीपांत इतर टीकाकारांबरोबर सूर्यदासांचाही आधार घेतला. सूर्यप्रकाश या टीकेतील उपोद्घात, षड्विधप्रकरण व कुट्टकाधिकार यांची चिकित्सक आवृत्ती पुष्पा कुमारी जैन यांनी इंग्रजी भाषांतरासह तयार केली व ती २००१ मध्ये वडोदरा येथे गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. द्विपदींची बेरीज, गुणाकार व वर्ग हे आज माध्यमिक शाळेत शिकविले जाणारे विषय पाथरी येथे लिहिलेल्या या टीकेतील षड्विधप्रकरणाच्या कक्षेत येतात. चिन्हांचे लेखन तेव्हापासून पूर्णपणे बदलले आहे. सजातीय पदेच मिळवावी व गुणाकारात कोणतेही पद सोडू नये, हे दोन नियम मात्र तेच आहेत.